रात्रपाळीची दुपार

उन्हाळ्याच्या सुट्टीविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, त्यातला बराच भाग कुणाच्या तरी आजोळी घडतो. तिथे विहीर असते, आंब्याची झाडे असतात, माळ्यावर आढी लावलेली असते आणि ओसरीवर वामकुक्षी घेणारे एक वडीलधारे माणूस असते. त्याची झोप मोडू नये म्हणून मुले परसात पळतात आणि तिथून पुढे सुट्टी सुरू होते. आम्ही हे सारे वाचले, आवडीने वाचले. मात्र वाचताना आमची एक अडचण होत असे. या सगळ्या साहित्यापैकी आमच्याकडे एकच गोष्ट होती, दुपारी झोपलेले वडीलधारे माणूस. विहीर, आढी, ओसरी, परस यांतले काहीच नव्हते. तरीही आमच्या सुट्ट्या मजेत गेल्या, आणि त्या मजेला पैसे जवळजवळ लागले नाहीत. ती मजा कशाच्या आधाराने उभी होती आणि तिचा खर्च कोणाच्या खात्यावर पडत होता, हा हिशेब आम्ही इतक्या वर्षांत कधी मांडला नव्हता. तो मांडून पाहावा, एवढ्यासाठी हे लेखन.

प्रथम 'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगायला हवे. दिघ्यातल्या एका वस्तीत, एकाच ओळीतल्या खोल्यांमधून १९९० च्या दशकात वाढलेले आम्ही सात जण. आज आमच्यातली एक कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, दोघे ऐरोलीला परदेशी कंपन्यांचे दूरध्वनी घेण्याचे काम करतात, एक रिक्षा चालवतो, एकीचे शिवणकामाचे दुकान आहे आणि दोघे नोकऱ्या बदलत असतात. मजकूर शिकवणारीने लिहून काढला, पण बाकीच्यांनी तो ऐकला आणि जागोजागी 'हे असे नव्हते' म्हणून दुरुस्तही केला. तेव्हा 'आम्ही' हे सर्वनाम इथे नम्रतेपोटी आलेले नाही आणि थोरपणापोटी तर नाहीच.

दिघा हे नवी मुंबईचे उत्तरेकडचे टोक. कळवा संपते तिथे ते सुरू होते. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी, आणि मधून जाणारा ठाणे-बेलापूर रस्ता. या रस्त्याच्या कडेने औद्योगिक विकास महामंडळाने कारखान्यांचा पट्टा वसवला. पोलाद, रसायने, औषधे, रंग, विजेची यंत्रे असे सारे इथे तयार होत होते. सिडकोने आखलेल्या नवी मुंबईत सेक्टर असतात, उद्याने असतात, पदपथांना कठडे असतात. दिघ्याच्या वाट्याला त्या आखणीतले फार थोडे आले. मूळ गाव आगरी माणसांचे. त्याच्याभोवती, डोंगराच्या उतारावर आणि महामंडळाच्या मोकळ्या जागांवर, कारखान्यांत राबायला आलेल्यांनी आपापल्या खोल्या उभ्या केल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सातारा, उत्तर प्रदेश, तमिळनाडू असे सगळे एका नळावर पाणी भरत.

उन्हाळा लागला की या वस्तीचे दोन भाग पडत, गाव असलेले आणि गाव नसलेले. 'गाव नसलेले' याचा अर्थ गावच नाही असा नव्हे. गाव प्रत्येकाला होते, पण तिथे जाण्याचे एसटीचे भाडे प्रत्येकाकडे नव्हते. पाच माणसांचे परभणीपर्यंतचे तिकीट, येताना परत तेवढेच, शिवाय गावी रिकाम्या हातांनी जाता येत नाही. आजोळ ही फुकटची चैन आहे असे पुस्तकांतून वाटते, पण ती चैन आपापल्या वाहनखर्चाने करावी लागते हे पुस्तकांत येत नाही. मे महिन्यात अर्धी वस्ती रिकामी होई. नळावरची रांग आखूड होई. मागे राहणाऱ्यांत आम्ही सात जण दरवर्षी असायचोच.

आमचे सगळ्यांचे वडील पाळ्यांमध्ये काम करत. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी तीनची आणि तिसरी रात्री अकराची. पाळी दर आठवड्याला बदले. ज्या घरात रात्रपाळी असे, त्या घरात वडील सकाळी आठच्या सुमारास येत, आंघोळ करून भाकरी खात आणि झोपत. खोली दहा बाय बाराची. वर पत्रा. वैशाखात तो पत्रा अकरा वाजता तापायला लागे आणि बारा वाजता त्याच्याकडे तोंड करून झोपणे अशक्य होई. म्हणून आई जमिनीवर पाणी शिंपडे, त्यावर गोणपाट टाके, गोणपाटावर चादर, चादरीवर वडील, आणि उशाशी टेबलपंखा. एवढ्या साऱ्या व्यवस्थेनंतर जी झोप लागे तिला आम्ही सगळी मुले फार घाबरून असायचो. ती मोडणे हा आमच्या बालपणातला सर्वांत मोठा गुन्हा होता. मार बसे म्हणून नव्हे, मार कधीतरीच बसे. पण झोप मोडलेला माणूस रात्री फिरत्या यंत्रापुढे उभा राहणार आहे, हे आईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलेले होते की ते आमच्या अंगात मुरले होते.

सात घरांपैकी निदान दोन घरांत कोणत्याही आठवड्यात रात्रपाळी असेच. खोल्यांच्या भिंती सामाईक. त्यामुळे एका घरातली झोप ही आख्ख्या ओळीची जबाबदारी होती. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात आमच्या ओळीत कोणी मोठ्याने बोलत नसे. भांडी घासतानाही बायका तळहाताने आवाज दाबत. रेडिओ कानाला लावून ऐकला जाई. आणि आम्हां मुलांना एकच वाक्य मिळे : "बाहेर जा, पण इथं नको."

आमच्या सगळ्या मौजेचा उगम या वाक्यात आहे. आम्हांला कोणी बागेत नेले नाही, छंदवर्गाला घातले नाही, उन्हाळी शिबिराला पाठवले नाही. आम्हांला घराबाहेर काढले गेले, तेही प्रेमाने आणि नाइलाजाने. भर दुपारी, बिनपैशांनी, सहा तास कसे घालवायचे हा आमच्यापुढचा रोजचा प्रश्न होता, आणि आमच्या सुट्ट्या म्हणजे त्या प्रश्नाची आम्ही काढलेली उत्तरे.

पहिले उत्तर डोंगर. पारसिकच्या उतारावर करवंदांच्या जाळ्या होत्या. एप्रिलच्या शेवटी करवंदे हिरवी असत, मेच्या मध्यावर काळी होत. करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी, हा जुगार आम्ही तासन्‌तास खेळायचो. पणाला काहीच लावायचे नाही आणि तरी हरल्याचे दुःख खरे, असा तो जुगार. डोंगरातल्या आदिवासी बायका हीच करवंदे पानांच्या द्रोणांत भरून रस्त्याकडेला विकायला बसत. आम्ही ज्या जाळीवर हात मारला ती त्यांच्या त्या दिवसाच्या मिळकतीतली होती, हे एकदा त्यांच्यातल्या म्हातारीने आम्हांला सांगितले. रागावली नाही. "खालच्या खावा, वरच्या आमच्यासाठी ऱ्हाऊ द्या," म्हणाली. त्यानंतर आम्ही वाटेजवळच्या जाळ्याच धरल्या.

डोंगराच्या कुशीत इलठणपाड्याजवळ ब्रिटिश काळात बांधलेले रेल्वेच्या मालकीचे एक छोटे धरण आहे. वाफेच्या इंजिनांचा काळ केव्हाच सरला, धरण मात्र राहिले. आम्ही त्याच्या काठाला झाडाखाली बसायचो. गुराख्यांच्या म्हशी पाण्यात डुंबत आणि आम्ही त्यांच्याकडे हेव्याने पाहायचो. तिथून खाली नजर टाकली की कारखान्यांची पत्र्याची छपरे, धुराडी, रस्त्यावरचे ट्रक, त्यापलीकडे खारफुटीचा हिरवा पट्टा आणि खाडीचे राखी पाणी दिसे. आपल्या वडिलांची कंपनी वरून ओळखणे हा एक खेळ होता. कुणाच्या कंपनीचा धूर पिवळा, कुणाच्या कंपनीचा पांढरा, यावर भांडणे होत. पिवळ्या धुराचा आम्हांला अभिमान वाटे. तो अभिमान बाळगू नये असे सांगणारे तेव्हा कोणी भेटले नाही.

दुसरे उत्तर लोहचुंबक. फुटक्या स्पीकरमधला गोल चुंबक मिळवायचा, त्याला सुतळी बांधायची आणि कारखान्यांच्या कुंपणाबाहेरच्या धुळीतून तो ओढत चालायचे. किलोमीटरभर चाललो की त्याला लोखंडाच्या किसाची दाढी येई. मध्येच एखादा नट, एखादी वॉशर, नशीब असले तर बोल्ट. हे सारे डब्यात साठवून आठवड्याने भंगारवाल्याकडे नेले की जे काही येई, त्यातून पातळ नळीत गोठवलेला रंगीत बर्फ घ्यायचा. त्याला सगळी पोरे 'पेप्सी' म्हणत. एकदा बरीच कमाई झाली तेव्हा तासाला दोन रुपये भाड्याने सायकल आणली. सात जणांत साठ मिनिटे वाटून घेतली आणि उरलेल्या चार मिनिटांवरून दोन दिवस अबोला राहिला. पैसा आल्यावरच मौजेत भांडण शिरले असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही, आम्ही करवंदांवरूनही तितकेच भांडत होतो.

तिसरे उत्तर खेळांचे. त्याविषयी फार लिहीत नाही, कारण लगोरी, विटीदांडू, गोट्या, डबा ऐसपैस यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. एकच गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. आमच्या ओळीतले खेळ मुके होते. ओळीत थांबायचेच झाले तर 'आउट' ओरडून नव्हे, दोन्ही हात वर करून सांगायचे. पत्त्यांचा डाव चालला तर पान आपटायचे नाही. बदाम-सात हा खेळ शांतपणे खेळता येतो, झब्बू येत नाही, म्हणून झब्बू आमच्यात आठवड्याच्या सुट्टीलाच खेळला जाई. आजही आम्ही एकत्र जमलो आणि कोणी भर दुपारी पत्ते काढले, तर आमचे आवाज आपोआप खाली येतात.

मे महिन्यात गावातल्या आगरी घरांमधून लग्ने असत आणि लग्नाच्या आदल्या रात्री हळदी. हळदीच्या मांडवात कोणी कोणाला 'तू कोण' असे विचारत नसे. वाद्ये वाजत, नाच चाले, आणि धवलारीण ज्या संथ लयीत धवले म्हणे ती लय आम्हांला झोप आणी. लग्न लावण्याच्या विधीत बाईच्या तोंडची गाणी एवढी महत्त्वाची असतात हे आम्ही तिथे पाहिले. लोकसाहित्याच्या तासाला ते पुस्तकात भेटले तेव्हा आमच्यातली शिकणारी थोडी गोंधळली होती. आपण जिथे जेवायला जात होतो तिथे अभ्यासाचा विषय चालला होता, हे कळायला तिला पंधरा वर्षे लागली.

आणि चौथे उत्तर वाचनाचे. ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आमच्यातल्या एकीच्या थोरल्या भावाने पहिल्या पगारातून तिथली वर्गणी भरली. एका वेळी घरी येणाऱ्या पुस्तकावर सात वाचक. पुस्तक उन्हातून फिरवायचे नाही हा त्याचा दंडक होता, म्हणून पाण्याच्या टाकीच्या सावलीत एकाने वाचायचे आणि सहांनी ऐकायचे अशी पद्धत पडली. इथेही आवाज खालचाच. आमच्यातल्या एकाला वाचता येई पण समजत नसे, एकाला समजे पण वाचता येत नसे. त्या सावलीत दोघांचेही भागले. प्रकाश नारायण संतांचा लंपन आम्हांला पुढे केव्हातरी मोठेपणी भेटला. 'वनवास' १९९४ साली आले तेव्हा आम्ही त्याच्याच वयाचे होतो, पण त्याचा आमचा रस्ता जुळला नाही. आम्हांला भेटला तो श्याम.

'श्यामची आई' हे साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातला पोहण्याचा प्रसंग मराठी वाचकाला सांगायला नको. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो, आणि आई हातात शिमटी घेऊन त्याला विहिरीकडे हाकलते. मुलगा भित्रा राहिला असे कोणी म्हणू नये, हा तिचा ध्यास. टाकीच्या सावलीत हा प्रसंग वाचून झाला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक जण म्हणाला, "माझी आई पण काठी घेते. पण पाण्याकडून घरी आणायला." सगळे हसले, आणि ते सगळ्यांच्या बाबतीत खरे होते. श्यामच्या आईला विहीर ठाऊक होती. तिची खोली, तिच्या पायऱ्या, वर उभी असलेली पोहणारी माणसे, कमरेला बांधायचे साधन, हे सारे तिच्या ओळखीचे होते. आमच्या आयांना यातले काहीच नव्हते. त्यांच्यासाठी डोंगरातले पाणी म्हणजे दर उन्हाळ्यात एखाद्या घरावर कोसळणारी बातमी. दोन्ही आयांची माया सारखीच होती, पण पाणी वेगळे होते. वर्गात हा पाठ चर्चेला येतो तेव्हा 'आईचे धैर्य' या मुद्द्याला गुण असतात. विहिरीच्या ओळखीचा मुद्दा उत्तरपत्रिकेत कोणी लिहीत नाही.

आता जे सांगायचे ते आम्ही टाळत आलो होतो.

डोंगरात दगडाच्या खाणी होत्या. त्यांतली एक बंद पडलेली होती आणि तिच्यात गेल्या पावसाळ्याचे पाणी मेपर्यंत टिकून राही. धरणाला काठ होता, गुराखी होते, म्हशी होत्या. खाणीला उभे कडे होते आणि आत हिरवे, स्थिर पाणी. आम्ही तिथे जायचे नाही असे ठरलेले होते आणि आम्ही तिथे जायचो. ट्रकच्या टायरची एक ठिगळाची ट्यूब होती. तिच्यावर ओणवे होऊन हातपाय मारणे याला आम्ही पोहणे म्हणायचो. त्या वर्षी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, ठिगळ सुटले. आमच्यातला एक जण पाण्याखाली गेला, वर आला, पुन्हा गेला. आम्ही काठावरून ओरडलो. इतक्या सुट्ट्यांत पहिल्यांदाच आम्ही दुपारी मोठ्याने ओरडलो असू. वरच्या अंगाला म्हशी चारणारा माणूस धावत आला आणि त्याने हातातली काठी पुढे करून त्याला ओढून काढले. पाणी ओकून झाल्यावर तो पोरगा पहिल्यांदा म्हणाला ते हे : "बाबांना उठवू नका."

पण कोणीतरी आधीच धावत गेले होते. त्याचे वडील रात्रपाळी करून आले होते, झोपून दोन तासही झाले नव्हते. ते लुंगीवर, अनवाणी, तापलेल्या वाटेने डोंगर चढून आले. आम्हांला वाटले आता मार बसणार. त्यांनी कोणाला हात लावला नाही. त्या गुराख्याच्या पायाला हात लावायला वाकले, त्याने लावू दिला नाही. मग मुलाला पाठुंगळी घेऊन ते खाली उतरले. त्या दिवशी दुपारी ते झोपू शकले नाहीत. ओळीतले सगळे येऊन बसत होते, बोलत होते, आणि येऊ नका असे कोणाला सांगता येत नव्हते. रात्री साडेदहा वाजता त्यांनी डबा घेतला आणि ते कामावर गेले. रजेचा विषय निघाला होता. पण खाडा पडला तर पगार कापला जाई, आणि पोरगा तर सुखरूप होता.

त्या रात्री आम्ही सात जण झोपलो नाही. उकाड्यामुळे सगळी ओळ बाहेर खाटा टाकून झोपलेली, आणि आम्ही वेगवेगळ्या खाटांवर डोळे उघडे ठेवून पडलेलो. कोणी कोणाशी बोलले नाही. प्रत्येक जण एकच चित्र पाहत होता, ते आम्ही फार नंतर एकमेकांना सांगितले. दोन रात्री न झोपलेला माणूस आणि फिरते यंत्र. सकाळी भोंगा झाला. सात वाजले, सव्वासात झाले. ते वळणावर दिसले तेव्हा आमच्यातल्या एकीने त्यांचे हात मोजले. शब्दशः मोजले, दोन्ही हात, दहा बोटे. मग ती आत जाऊन रडली.

काही झाले नाही. या गोष्टीत काहीच घडत नाही. पण त्या सकाळनंतर 'फुकट' हा शब्द आम्हांला पूर्वीसारखा उच्चारता आला नाही. आम्ही पैसे न देता मजा करत होतो हे खरे. पण आम्हांला बाहेर धाडणारी जी झोप, ती कुणाची तरी रात्र खर्चून आलेली होती, आणि आमची मजा जरा चुकली की ती झोपही मोडत होती. आमच्या सुट्टीचा जमाखर्च असा दोन्ही अंगांनी एकाच माणसाच्या खात्यात पडत होता. त्यानंतर आम्ही खाणीकडे गेलो नाही. शहाणपणाने म्हणावे तर तसे नाही. दहा बोटे पुन्हा मोजायची हिंमत नव्हती.

मराठी लघुनिबंध १९३० च्या आसपास बहरला तेव्हा फडके, खांडेकर, काणेकर यांनी छोट्या, बिनखर्चाच्या सुखांना साहित्यात जागा मिळवून दिली. पुढे दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्रा'त (१९५६) मराठी महिन्यांच्या क्रमाने झाडे, फुले, आकाश असे पाहिले की नुसते बघणे हाच केवढा उत्सव असतो ते वाचकाला कळले. या लेखनाचे ऋण आम्ही मानतो. आमच्यातल्या शिकवणारीने वैशाखातला बहावा 'ऋतुचक्र' वाचल्यावरच नीट पाहिला. तरी एक गोष्ट सांगायला हवी. या सुखांना एक मोकळी दुपार लागते, आणि ती लेखकाच्या मालकीची असते. आमची दुपार आमच्या मालकीची नव्हती, ती झोपणाऱ्याची होती. आम्हांला ती त्याच्याकडून उसनी मिळाली होती. उसन्या दुपारीतले सुख हे सुखच असते, कमी प्रतीचे नसते. पण ते लिहायला घेतले की ज्याच्याकडून आणले त्याचे नाव टाळता येत नाही. गिरणगावातल्या पाळ्या मराठी कथा-कवितेत आल्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रात्रपाळ्या मात्र अजून फारशा आलेल्या नाहीत. हे टिपण ती उणीव भरून काढील असा आमचा दावा नाही.

वर्षाकाठी एक दुपार मात्र सर्वांची असे, १ मेची. महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि आमच्या शाळेच्या निकालाचा दिवस. सकाळी झेंडावंदन, मग प्रगतिपुस्तक. त्या दिवशी बहुतेक कंपन्या बंद असत आणि सात घरांतले बाप एकाच वेळी, भर दुपारी, जागे असत. हे दृश्य आम्हांला इतके नवे वाटे की आम्ही त्यांच्याकडे पाहुण्यांकडे पाहावे तसे पाहायचो. ते आम्हांला घेऊन धरणाकडे जात. आया पिशवीत कांदा-भाकरी, कैरीची चटणी आणि बाटलीत पन्हे घेत. झाडाखाली झब्बूचा डाव पडे आणि बाप पाने आपटून आपटून खेळत. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हांला वर्षातून त्या एका दिवशी कळे.

यानंतरचे थोडक्यात सांगतो. पट्ट्यातले पुष्कळ कारखाने बंद झाले किंवा दुसरीकडे गेले आणि त्यांच्या जमिनींवर काचेच्या इमारती आल्या. ठाणे-वाशी मार्गावर २००४ साली लोकल धावू लागली. ती दिघ्यातून जाई पण थांबत नसे, दिघा गाव स्थानक सुरू झाले ते १२ जानेवारी २०२४ रोजी. दरम्यान खोल्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिघ्यातल्या ९९ अनधिकृत इमारतींवर कारवाईचा आदेश दिला. ज्या जागेवर आपण खेळलो ती नेमकी कोणाची, हा प्रश्न लहानपणी आम्हांला पडला नव्हता. आमच्या आईबापांना तो रोज पडत असणार. खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि वरून आम्हांला नुसते राखी दिसणारे ते पाणी पाहायला आता माणसे लांबून कॅमेरे घेऊन येतात.

आणि रात्रपाळी परत आली. ऐरोलीला काम करणारे आमच्यातले दोघे अमेरिकेच्या दिवसाप्रमाणे रात्रभर बोलतात आणि सकाळी येऊन झोपतात. डोक्यावर पत्रा नाही, स्लॅब आहे. एकाकडे वातानुकूलन यंत्रही आहे. पण मूल तेच, दुपार तीच. फरक असा की मुलाला आता 'बाहेर जा' म्हणावे लागत नाही. त्याच्या हातात मोबाइल दिला की ते कोपऱ्यात बसते आणि सहा तास त्याचा आवाज येत नाही. इंटरनेट स्वस्त आहे. हिशेब केला तर आमच्या भाड्याच्या सायकलीपेक्षाही स्वस्त पडेल. ही मौजही जवळजवळ बिनपैशांचीच आहे, आणि आमच्या मौजेपेक्षा सुरक्षित आहे. कुणी बुडत नाही. हे आम्ही उपहासाने लिहीत नाही. ज्याने त्या दिवशी खाणीचे पाणी ओकले, तोच आज ऐरोलीला रात्रपाळी करतो आणि मुलाला डोंगरावर एकटे सोडत नाही. त्याला कोणी नावे ठेवू नयेत. फक्त तो एकदा म्हणाला, "पोरगा एवढा गप्प असतो ना, की मला त्या गप्पपणानं जाग येते."

म्हणून गेल्या १ मेला आम्ही जमलो. मुलांना घेतले, पिशव्या भरल्या. ठाण्याला राहायला गेलेले दोघे दिघा गाव स्थानकावर उतरले आणि नव्या फलाटावर थोडा वेळ उगाच उभे राहिले. डोंगर बराच कापला गेला आहे, वाटा बदलल्या आहेत. धरणाच्या बाजूला एका झाडाची सावली सापडली. मुलांनी प्रथम विचारले की इथे करायचे काय. आम्हांला उत्तर देता आले नाही, कारण आम्हांलाही ते कोणी सांगितले नव्हते. तासाभराने त्यांतल्या दोघांना करवंदांची जाळी सापडली आणि कोंबडा-कोंबडी सुरू झाले. एकाने आणलेल्या चुंबकाला काहीच लागले नाही.

आम्ही पत्ते काढले. डाव झब्बूचा पडला. वडिलांपैकी तिघे आता नाहीत. जे आहेत ते वरपर्यंत चढू शकत नाहीत. पाने वाटली, खेळ रंगला, कुणावर तरी चढली. त्या पोहता न आलेल्याची धाकटी मुलगी बराच वेळ आमच्याजवळ बसून बघत होती. मग तिने आपल्या बापाच्या कानाशी तोंड नेले आणि, त्याच्याचसारख्या दबक्या आवाजात, विचारले,

"बाबा, इथे कोण झोपलंय?"